टेकू



‘कशा आहात?’ असे कोणी विचारले की आपण बहुधा ‘बरी आहे’ किंवा ‘बरा आहे’ असे उत्तर देतो. हे उत्तर इतके सवयीचे असते की त्यातील ‘बरा’ या शब्दाकडे आपले लक्षच जात नाही. ‘बरा होणे’ म्हणजे आजारातून मुक्त होणे. ‘बरे असणे’ म्हणजे नित्याचे व्यवहार करण्याजोगे असणे. ‘बरे वाटणे’ म्हणजे त्या घटकेपुरता आराम पडणे. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ बहुतेकांच्या आयुष्यात एकमेकांत मिसळून राहतात. माझ्या आयुष्यात चार वर्षांपूर्वी ते एकमेकांपासून वेगळे झाले. मी आता बरी होणार नाही. तरीही पुष्कळ दिवस मी बरी असते आणि काही दिवस मला खरोखर बरे वाटते. या तीन वाक्यांत विरोध नाही, हे समजायला मला बराच काळ लागला. जे समजले ते तुम्हाला सांगावे, म्हणून हा पाठ लिहीत आहे.

मला स्तनाचा कर्करोग आहे आणि तो पाठीच्या मणक्यांत पसरलेला आहे. माझे घर आगाशीला आहे. विरारच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे मराठी शिकवले आणि अजूनही जमेल तेव्हा रविवारची संपर्कसत्रे घेते. २०२१ च्या पावसाळ्याच्या अखेरीस माझी पाठ दुखू लागली. वर्गात तासन्‌तास उभे राहणाऱ्या माणसाची पाठ दुखणे ही काही बातमी नव्हे. मी मलम लावले, शेक घेतला, आणि नवरात्रात एक दिवस खाली ठेवलेली कळशी उचलता उचलता तिथेच बसले. छातीत एक गाठ होती, हे मला वर्षभरापासून ठाऊक होते. ती दुखत नव्हती, म्हणून मी तिच्याकडे पाहिले नाही. पाठ दुखत होती, म्हणून मी पाठीकडे पाहत राहिले. दुखत नाही त्याकडेही लक्ष द्यावे, एवढे या अनुभवातून मी प्रत्येक वर्गात सांगत आले आहे.

तपासण्यांचे निष्कर्ष आले तेव्हा मला बाहेरच्या बाकावर बसवून माझे यजमान आणि माझा धाकटा भाऊ आत गेले. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, “ताई, गोळ्यांनी होईल सगळं.” यजमान काही बोलले नाहीत. पुढे परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात नाव नोंदवले. तिथून परतताना एकदा विरार लोकलमध्ये माझ्या मांडीवरची फाइल मी सहज उघडली. यजमानांना डुलकी लागली होती. इंग्रजीतल्या त्या कागदावर उपचाराच्या हेतूपुढे ‘पॅलिएटिव्ह’ असा एकच शब्द होता. गाडी भाईंदरची खाडी ओलांडत होती. त्या शब्दाचा नेमका अर्थ मला ठाऊक नव्हता, पण ‘बरे करणे’ हा तो अर्थ नव्हे, एवढे कळण्याइतकी भाषा मी आयुष्यभर शिकवली होती.

घरी आल्यावर मी विचारले, “अहो, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

“मग आकाशकंदील कसा लावलात?”

“दर वर्षी लावतो तसाच लावला,” ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

आपल्याकडे असे पुष्कळ घरांत होते. रुग्णाला धक्का बसू नये म्हणून रुग्णाखेरीज सगळ्यांना सगळे सांगितले जाते. त्यामागे प्रेम असते, हे मी नाकारत नाही. पण त्या पंचवीस दिवसांत आम्ही एकाच घरात राहून दोन वेगळ्या आजारांची सेवा करीत होतो. ते असाध्य आजाराची सेवा करीत होते आणि मी साध्या आजाराची. त्यांना रडायला जागा नव्हती आणि मला विचारायला वाट नव्हती. त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. रोग तेवढाच राहिला, परंतु घर पुन्हा एक झाले.

दुसऱ्या दिवशी मी शब्दकोश काढला. ‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘पॅलियम’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ अंगावर घ्यायचे वस्त्र. थंडी घालवता येत नसेल, तर अंगावर पांघरूण घालावे, अशी त्यामागची कल्पना दिसते. मराठीत त्यासाठी ‘उपशामक उपचार’ अशी संज्ञा वापरतात. ती अचूक आहे, पण माझ्या मनाला ती कधी आपली वाटली नाही. मला हवा असलेला शब्द पुढे दुसरीकडेच सापडला. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

सर्वांत आधी बदलला तो काळ. निरोगी माणूस वर्षांच्या हिशेबाने जगतो. मुलीची परीक्षा, घराचे कर्ज, निवृत्ती असे त्याचे टप्पे असतात. माझे वर्ष तीन-तीन महिन्यांत कापले गेले. दर तीन महिन्यांनी तपासणी, तिचा निष्कर्ष, आणि त्यावर पुढचे तीन महिने अवलंबून. रोग जिथे होता तिथेच असेल, तर डॉक्टर ‘स्थिर’ म्हणतात. पूर्वी मला ‘स्थिर’ हा शब्द कंटाळवाणा वाटत असे. आता त्याच्याइतका गोड शब्द नाही. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात मी कोणावरही चिडते, मीठ दोनदा घालते, आणि पाठीत साधी उसण भरली तरी तो रोग वाढल्याचा पुरावा वाटतो. निष्कर्ष चांगला आला की आमच्या घरी त्या दिवशी आंबोळ्या होतात. यात काही तत्त्वज्ञान नाही, हा केवळ शिरस्ता पडला आहे.

या काळाची पहिली मोठी कसोटी लागली ती एप्रिल २०२२ मध्ये. वसईच्या आमच्या पट्ट्यात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून ठेवतात. मिरच्या आणून उन्हात घालायच्या, धणे-हळकुंडे निवडायची, भाजायचे, कुटून आणायचे, बरण्या भरायच्या. त्या वर्षी मी मिरच्या आणायला गेलेच नाही. माझ्या डॉक्टरांनी मला वर्षाचे वचन दिले नव्हते, मग वर्षाचा मसाला कशासाठी? दोन महिन्यांपुरती पाकिटे आणावीत, असे मी मनाशी ठरवले आणि तसे सासूबाईंना सांगितले. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी. माझा आजार त्यांना कोणी नीट सांगितला नव्हता. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बाय, मसाला काय एकट्या माणसाचा असतो? घराचा असतो तो.”

त्यांना सगळे ठाऊक होते. कधी कळले ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आम्ही दोघींनी मिळून मिरच्यांची देठे काढली. त्या दिवशी मला एक गोष्ट स्पष्ट झाली. मी माझे उरलेले आयुष्य हीच घराची लांबी धरून चालले होते. घर माझ्यापेक्षा लांब होते आणि त्यात माझा हात लागलेला मसाला मी नसतानाही कालवणात पडणार होता. या विचाराने दुःख झाले. पण ते निराशेचे दुःख नव्हते.

दुसरा बदल शरीराचा, आणि लोकांच्या नजरेतील शरीराचा. सुरुवातीचे उपचार संपल्यावर माझे केस परत आले. संप्रेरकांना रोखणारी रोजची गोळी आणि हाडांसाठी ठरावीक काळाने शिरेतून दिले जाणारे औषध, यांवर मी आहे. वरवर पाहता मी आजारी दिसत नाही. पण थकवा असा की तो झोपेने जात नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मी भिंतीवरचा रंग तपासत असल्यासारखे करते. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो राखीव डबा असतो, त्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. पहिल्यांदा मी त्या डब्यात चढले तेव्हा कुबडी घेतलेला एक तरुण मला म्हणाला, “ताई, हा डबा आमचा आहे.” ‘माझाही आहे’ हे शब्द माझ्या तोंडून फुटेनात. मी पिशवीतून फाइल काढून नुसती दाखवली. तो उठून उभा राहिला आणि मला जागा देत म्हणाला, “बघून कळत नाही ना, म्हणून विचारलं. रागावू नका.”

तो काही चुकीचे बोलला नव्हता. पण दादरपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तोवर ‘कर्करुग्ण’ हा शब्द फाइलमध्ये होता. त्या दिवशी मी तो स्वतःच्या हाताने चारचौघांत उघड केला. आजार दिसला तर लोक दया करतात आणि दिसला नाही तर शंका घेतात. या दोहोंच्या मध्ये, ‘मी अशी आहे’ एवढे शांतपणे म्हणता येणे, हे मला त्या डब्याने शिकवले. आता मी तिथे नेहमीची आहे. तो तरुण नालासोपाऱ्याला चढतो. आम्ही एकमेकांसाठी जागा धरतो.

तिसरा बदल घरातील जागेचा. बत्तीस वर्षे ज्या घरात मी वाढत होते, तिथे मला वाढून मिळू लागले. यजमान कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकले. मुलगी औषधांचा तक्ता आणि पैशांचा हिशेब पाहू लागली. घेणाऱ्याच्या जागी बसणे देणाऱ्याच्या जागी बसण्यापेक्षा अवघड असते. ‘असू दे, मी करते’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणे की एकदा मुलगी चिडून म्हणाली, “आई, मला काहीतरी करू दे गं. नाहीतर मी काय नुसती बघत बसू?” तिच्या मदतीची गरज मला जेवढी होती, त्याहून अधिक तिला ती करण्याची गरज होती. तेव्हापासून मी ‘असू दे’ म्हणणे कमी केले.

तिच्याशी मी आणखी एक अवघड गोष्ट बोलले. बरे होण्याची शक्यता संपल्यावर कृत्रिम साधनांनी आयुष्य लांबवू नये, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची किचकट पद्धत सोपी केली. मी तसे लिहून ठेवले आहे. ते वाचून मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तो कागद कपाटात नेमका कुठे ठेवला आहे ते विचारले. आईने हा निर्णय आपल्यावर सोडला नाही, हे तिला त्या दोन दिवसांत उमगले असावे.

मित्रहो, तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, म्हणून भाषेबद्दलची माझी एक तक्रार तुमच्यापुढे मांडते. कर्करोगाविषयी आपण जवळजवळ नेहमी युद्धाच्या भाषेत बोलतो. रुग्ण ‘लढवय्या’ असतो, तो रोगावर ‘मात’ करतो, आणि गेला तर वृत्तपत्रात छापून येते की त्याची ‘झुंज अपयशी ठरली’. ज्याचा रोग बरा होण्याजोगा आहे, त्याला या भाषेने कदाचित बळ येत असेल. पण माझ्यासारखीने काय करावे? माझा शेवट ठरलेला असेल, तर माझे आजचे जगणे ही केवळ लांबलेली हार ठरते. भेटायला येणारे म्हणतात, “तुम्ही खंबीर आहात, तुम्हाला काही होणार नाही.” मग ज्या दिवशी मला रडावेसे वाटते, त्या दिवशी मी खंबीरपणाचाही गुन्हा करते.

दुसरी भाषा चित्रपटाची. १९७१ च्या ‘आनंद’ चित्रपटाने मरणाच्या दारातही हसणारा, सर्वांना हसवणारा रुग्ण आपल्या मनात कायमचा बसवला. मला तो चित्रपट आवडतो. पण आनंदला कधी बद्धकोष्ठ झालेले दिसत नाही, आणि तो कधी सासरच्या लग्नाला न गेल्याबद्दल बोलणी खात नाही. असाध्य आजाराबरोबर राहणे हे लढणेही नव्हे आणि सतत हसणेही नव्हे. ते राहणे आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक डॉ. अनिता अवचट यांची आठवण मला इथे होते. केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. पुढे त्यांना कर्करोग झाला, तरी त्या कामात राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. ते केंद्र आजही चालू आहे. त्यांची झुंज अपयशी ठरली, असे कोणी कसे म्हणावे?

आता वेदनेविषयी. दुसऱ्या वर्षी माझी पाठ रात्री इतकी दुखू लागली की मी उभ्याने भिंतीला टेकून पहाट करीत असे. डॉक्टरांनी त्या जागी किरणोपचार दिले आणि काही आठवडे मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. मॉर्फिनचे नाव ऐकून यजमान घाबरले. “सवय लागेल,” असे ते म्हणाले आणि त्यांनी गोळ्या वरच्या फडताळात ठेवल्या. ही भीती फक्त त्यांची नव्हती, ती देशाच्या कायद्यातही होती. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे अनेक वर्षे रुग्णालयांना मॉर्फिन बाळगणे दुरापास्त झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी साध्या औषधांपासून मॉर्फिनपर्यंत पायरी-पायरीने जाण्याची पद्धत सांगितली होती. आपला कायदा सौम्य झाला तो २०१४ मध्ये. डॉक्टरांनी यजमानांना समजावले की दुखण्यासाठी योग्य प्रमाणात, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनने सहसा व्यसन लागत नाही. दुखणे वाढण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळीच ते घ्यायचे असते. पोट साफ राहण्याचे औषध मात्र सोबत घ्यावे लागते. त्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी उठून पाहते तो यजमान माझ्या उशाशी बसलेले. मी श्वास घेते आहे की नाही, हे ते रात्रभर पाहत होते.

वेदना म्हणजे फक्त हाडांचे दुखणे नव्हे, हे विसाव्या शतकात ज्यांनी वैद्यकाला पटवले त्या डॉ. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे सेवागृह सुरू केले. शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे मिळून एक ‘समग्र वेदना’ होते, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील अशा प्रकारचे पहिले सेवागृह आपल्याजवळच, वांद्र्याला आहे. शांती आवेदना सदन हे त्याचे नाव. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले.

मी तिथे एकदा गेले आहे. स्वतःसाठी नव्हे. परळला माझी एका बाईशी ओळख झाली होती. ती मोखाड्याकडची. मुलाला घेऊन आली होती आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होती. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. माझे वर्ष तपासण्यांनी कापलेले होते, तिचे वर्ष पावसाने. तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “लावणीपावेतो उभी राहीन ना?” मुंबईला येण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे मुलाची एक दिवसाची मजुरी बुडणे. माझ्या आजारपणाला निवृत्तिवेतन होते, गाडीभाडे होते, वाचायला शब्दकोश होता. रोग दोघींचा असाध्य, पण असाध्यपणा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, हे तिच्याशेजारी बसून मला कळले. लावणीपर्यंत ती उभी राहिली नाही. पुढे तिला वांद्र्याला ठेवले तेव्हा मी भेटायला गेले. तिचे केस कोणी तेल लावून विंचरले होते. “रातची झोप लागते,” ती म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पोराला सांगा, पावसात माझ्यापायी फेऱ्या मारू नको. लावणी उरक.” मी निरोप दिला. मुलगा लावणी उरकून आला. तोवर ती होती.

आता त्या शब्दाकडे येते. सुट्टीत जुनी पुस्तके चाळताना मला चरकसंहितेतील रोगांचे वर्गीकरण आढळले. आपण रोगांचे दोनच प्रकार मानतो, साध्य आणि असाध्य. चरकाने चार मानले आहेत. सहज बरा होणारा तो सुखसाध्य. कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य. ज्याला वैद्याने हात लावू नये तो प्रत्याख्येय. आणि या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक, ‘याप्य’. जो समूळ जात नाही, पण उपचार आणि पथ्य चालू आहे तोवर आवरून धरता येतो, तो याप्य. ‘यापन’ या शब्दापासून तो आला आहे. मराठीत ‘कालयापन’ म्हणजे वेळ कसाबसा घालवणे, असा उणा अर्थ आज उरला आहे. मूळ अर्थ मात्र चालू ठेवणे, निभावून नेणे असा आहे. सुश्रुतसंहितेत या याप्य रुग्णासाठी एक उपमा येते. पडू पाहणाऱ्या घराला योग्य जागी लावलेला खांब जसा सावरून धरतो, तसा उपचार त्याला सावरतो.

ती उपमा वाचताच मी खिडकीबाहेर पाहिले. आमच्या वाडीत आता विसेक केळी उरल्या आहेत, बाकीच्या जागेत इमारत उभी आहे. राजेळी केळ उंच वाढते. तिला लोंगर आले की भाराने ती एका अंगाला कलते. मग सासूबाई बेचक्याचा बांबू आणून तिला टेकू देतात. या वयातही टेकू कुठे लावायचा ते त्या दुसऱ्या कोणाला ठरवू देत नाहीत. फार खाली लावला तर उपयोग होत नाही आणि फार वर लावला तर वाऱ्याने खोड मोडते. टेकूने केळ अमर होत नाही. एकदा लोंगर उतरले की ती कापायचीच असते. टेकू असतो तो लोंगर पिकून हाती येईपर्यंत केळ उभी राहावी म्हणून. त्या पिकलेल्या केळ्यांची आमच्याकडे उन्हात वाळवून सुकेळी करतात आणि बुंध्याशी आलेल्या पिलांतून पुढची केळ धरतात.

त्या दिवसापासून माझ्या गोळ्या, ते शिरेतून घ्यायचे औषध, राखीव डब्यातील ती जागा, कुकरच्या शिट्ट्या मोजणारे यजमान, हे सगळे मला टेकू वाटू लागले. टेकू लागणे ही लाज नाही आणि टेकू देणे हा उपकारही नाही. तो नेमक्या जागी लागला पाहिजे, एवढेच.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, घर, शेती सांभाळून हे पुस्तक वाचत आहात. कोणाच्या घरी कदाचित असा आजार असेल, आणि उशाशी बसून तुम्ही हे पान उलटत असाल. तुम्हाला एकच सांगते. आजारी माणसाला ‘तू बरा होशील’ असे खोटे सांगू नका आणि ‘आता काही उपाय नाही’ असेही म्हणू नका. दुसरे वाक्यही खोटेच आहे. रोगावर उपाय नसला तरी रात्रीच्या झोपेवर असतो, दुखण्यावर असतो, एकटेपणावर असतो. त्याला विचारा, ‘आज काय केलं तर तुला बरं वाटेल?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझ्या बाबतीत ते उत्तर एकदा ‘पंखा बंद कर’ असे होते, आणि एकदा ‘मला वर्गावर जायचे आहे’ असे.

या एप्रिलमध्ये आम्ही चौथ्यांदा मसाला केला. सासूबाईंना आता निवडायला दिसत नाही. त्या वासावरून धणे किती भाजायचे ते सांगतात. येत्या गुरुवारी माझी तपासणी आहे आणि त्यानंतरच्या रविवारी संपर्कसत्र. तुमचे स्वाध्याय अर्धे तपासून झाले आहेत, उरलेले गाडीत तपासीन. रविवारी भेटलो की तुम्ही सवयीने विचाराल, “बाई, कशा आहात?” मी म्हणेन, “बरी आहे.”